जुना बूट घेऊन दुकानात जा

"भाऊ, पोट्ट्याचा पाय वाढते, एक नंबर मोठाच द्या." जूनच्या शेवटी वरवट बकाल, शेगाव, तेल्हारा, अकोट, कुठल्याही बुटाच्या दुकानात थोडा वेळ उभे राहा, हे वाक्य कानावर पडणारच. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. २०२५ साली त्या २३ जूनला सुरू झाल्या. संग्रामपूर तालुक्यात पेरणीची धांदलही नेमकी त्याच सुमारास असते, त्यामुळे बूट खरेदीला मिळतो एखादा दुपारचा तास. दुकानदार घाईत, आईबाप घाईत आणि मूल आरशात पाय बघण्यात दंग. रंग आणि किंमत बघून बूट घेतला जातो, पोळ्याच्या आत त्याचं तोंड उघडतं आणि बोल पोराला लागतो: याच्या पायात काही टिकतच नाही.

पोर धावणार, दगडाला लाथ मारणार, उतारावर सायकल पायानं थांबवणार. हे धरूनच बूट घ्यायचा असतो. पण लहान मुलांचे बूट खेळण्यानं जेवढे जातात, त्याहून जास्त चुकीच्या मापानं आणि ओले राहण्यानं जातात, असं माझं मत आहे. या दोन्ही गोष्टी मोठ्यांच्या हातातल्या आहेत.

म्हणून पहिला सल्ला असा की मागच्या वर्षीचा फाटका बूट टाकू नका. धुऊन, पिशवीत घालून दुकानात घेऊन जा. लाज वाटायचं काही कारण नाही. मूल कसं चालतं, कसं पळतं हे त्या बुटावर लिहिलेलं असतं.

माझ्या भाच्याचा बूट बघा. उजव्या बुटाचं नाक पार सोललेलं, रेक्झिनचा काळा थर जाऊन आतलं पांढुरकं कापड दिसतंय. डावा तिथे जवळजवळ नवा. म्हणजे पोरगं सायकलचा ब्रेक उजव्या पायानं मारतं. अशा मुलाला पुढून सोलच वर चढवलेला बूट हवा, ज्यात रबराचा किंवा पीव्हीसीचा जाड ओठ अंगठ्यापुढून वर येतो. नुसतं गुळगुळीत, चकचकीत नाक असलेला बूट त्याच्या पायात चार महिने काढणार नाही, मग तो कितीही नामांकित कंपनीचा असो. (सायकलचा ब्रेक दुरुस्त करून घेणं हाही बूट टिकवण्याचाच उपाय आहे. खर्च बुटापेक्षा कितीतरी कमी.)

आता बूट उलटा करा. टाचेची बाहेरची कड थोडी झिजणं साहजिक आहे. पण एकाच बुटाची कड फार झिजली असेल, किंवा दोन्ही बूट आतल्या बाजूला कलंडलेले असतील, तर नवा बूट घेण्याआधी डॉक्टरांना एकदा पाय दाखवा. पंजाच्या वाकण्याच्या जागी सोल सुटला असेल तर बूट मोठा होता, नाहीतर वारंवार भिजून नीट वाळला नाही. अंगठ्यावर वरून भोक पडलं असेल तर तो केव्हाच आखूड झाला होता, पोरानं सांगितलं नाही एवढंच. लहान मुलं बूट आखूड झाला हे सहसा सांगत नाहीत. ती तो काढून टाकतात किंवा टाच चेपून चपलेसारखा घालतात. टाचेची पाठ चेपलेली असेल तर दुसरंही कारण असू शकतं: लेस सोडायचा कंटाळा. या मुलाला लेसचा बूट देऊ नका.

एवढं वाचून दुकानात गेलात तर "टिकाऊ दाखवा" असं मोघम सांगावं लागत नाही. "नाक मजबूत पाहिजे", "टाचेची पाठ कडक पाहिजे" असं नेमकं मागता येतं, आणि नेमकं मागणाऱ्या गिऱ्हाइकापुढे दुकानदारही वरच्या फळीवरचा माल काढतो.

मापाचं गणित

एक नंबर मोठा घेण्यामागचा हिशेब प्रामाणिक आहे. पैसा घामाचा असतो, पाय वाढतच असतो. पण तो हिशेब उलटा बसतो. बूट वाकण्यासाठी एक जागा ठरलेली असते, पायाची बोटं जिथे पंजाला जुळतात तिथे. बूट फार लांब झाला की पाय एकीकडे वाकतो आणि बूट दुसरीकडे. दर पावलाला सोल आणि वरचा भाग एकमेकांपासून ओढले जातात, नाकाची रिकामी जागा दगडाला अडकते, टाच आत वरखाली होऊन अस्तर फाडते. मोज्याला भोकं पडतात ती याच घासण्यानं.

आपल्याकडे यात आणखी एक अडचण आहे. बाजारातले नंबर बहुतेक ब्रिटिश पद्धतीचे असतात आणि आपले पाय त्या साच्याचे नाहीत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांचे पाय मोजले. भारतीयांचा पाय पंजाशी जास्त रुंद असतो, असं त्यातून दिसलं. त्यावरून भारतीय मापांची 'भा' नावाची वेगळी पद्धत सुचवली गेली. ती दुकानापर्यंत पोचेल तेव्हा पोचेल. तोवर घडतं ते असं: मुलाला बूट पंजात दाटतो, मग आपण लांबी वाढवतो. रुंदीचं दुखणं आणि औषध लांबीचं. म्हणून दुकानात "हाच नंबर, पण पंजाला रुंद" असं मागा, दोनतीन कंपन्यांचा तोच नंबर घालून बघा. एकाच नंबरात कंपनीगणिक रुंदीचा फरक असतो.

माप घरीच घ्या, आणि संध्याकाळी घ्या, कारण दिवसभराच्या धावपळीनं पाय थोडा फुगलेला असतो. भिंतीला टाच टेकवून मुलाला कागदावर सरळ उभं करा, शाळेचे मोजे घालून. सर्वांत लांब बोटापुढे पेन्सिलीनं खूण करा. सर्वांत लांब बोट दरवेळी अंगठाच असतो असं नाही, कित्येकांचं शेजारचं बोट पुढे असतं. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचं माप धरा. त्यात एक ते सव्वा सेंटिमीटर मिळवा. तेवढी झाली बुटाच्या आतली लांबी.

हीच जागा वर्षभराच्या वाढीलाही पुरते. ब्रिटिश मापात एका नंबराचा फरक साडेआठ मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि बालवाडी ते दुसरी-तिसरीच्या वयात पाय वर्षाला साधारण एक ते दीड नंबर वाढतो. तेव्हा दोन वर्षं टिकेल असा बूट या वयात शोधूच नये. दुसऱ्या वर्षी तो पायात जाणारच नाही. जूनअखेर ते एप्रिल, एवढं एक शाळेचं वर्ष निघालं की बुटानं आपलं काम केलं. दिवाळीच्या सुट्टीत मात्र माप पुन्हा तपासा.

दुकानात टाचेमागे बोट घालून बघायची जी सवय आहे ती फसवी आहे, मूल नेमकं तेव्हाच बोटं आखडून घेतं. त्यापेक्षा आतला सुकतळा निघत असेल तर बाहेर काढा आणि त्याच्यावर मुलाला उभं करा. बोटांपुढे किती जागा राहते आणि पंजा कडेबाहेर जातो का, दोन्ही डोळ्यांना दिसतं. मग बूट घालून दुकानाबाहेर पळायला लावा. दुकानातल्या गादीवर चार पावलं चालून कुठलाच बूट चावत नाही.

सोल, शिलाई आणि काळी माती

सोल बसवण्याच्या तीन पद्धती शाळेच्या बुटांत जास्त दिसतात. एक, नुसता सोल्यूशननं चिकटवलेला. वरच्या भागाची आणि सोलची सांधरेघ स्पष्ट दिसते, कुठे कुठे गोंदाचे पिवळट डागही दिसतात. दुसरी, वरचा भाग साच्यात धरून त्याच्यावर थेट ओतलेला पीव्हीसीचा सोल. इथे सांध वेगळी दिसत नाही, सोल कडेनं थोडा वर चढलेला असतो. तिसरी, चिकटवून वर शिलाई मारलेला. धडपड्या मुलाला दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारचाच बूट घ्या. शिलाई मात्र खरी आहे का बघा, कारण पुष्कळ बुटांवर टाके नुसते साच्यात उमटवलेले असतात, शोभेपुरते. सुकतळा उचला. आत दोरा दिसला तर शिलाई.

नुसता चिकटवलेला बूट घ्यावा लागलाच, तर पहिल्या दिवशीच चौकातल्या बूट शिवणाऱ्या कारागिराकडून चारही बाजूंनी नायलॉनच्या दोऱ्यानं शिवून घ्या. सोल सुटल्यावर मारलेली शिलाई आणि सुटण्याआधी मारलेली शिलाई यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. सुटलेल्या फटीत माती शिरते आणि मग सोल्यूशन धरत नाही. पीव्हीसीच्या ओतीव सोलला मात्र उगाच भोकं पाडून घेऊ नका.

सोलच्या मालाचं थोडक्यात सांगतो. पीव्हीसी जड असतो पण दगडधोंड्यांत दमदार. एकदम हलका, स्पंजासारखा दबणारा सोल पायाला गोड लागतो, पण मुरमाड रस्त्यावर लवकर झिजतो, आणि बाभळीचा काटा त्यातून आरपार येतो. पांदणीनं शाळेत येणाऱ्या मुलाला तो नको. पीयू नावाचा सोल हलका आणि टिकाऊ दोन्ही असतो, फक्त तो न वापरताही ओलसर हवेत वर्षानुवर्षं पडून राहिला तर आतून कुजतो आणि एके दिवशी पायातच तुकडे पडतात. म्हणून खोक्यावरचा महिना आणि वर्ष वाचा. सवलतीच्या ढिगातला पीयू बूट मी तरी घेणार नाही.

सोलची नक्षी आपल्या मातीकडे बघून निवडा. डोंगराळ भागातल्या बुटांसारख्या खोल, अरुंद खाचा छान दिसतात, पण काळ्या जमिनीचा चिखल त्यांत असा बसतो की मूल पायात दोन विटा बांधल्यासारखं चालतं. मग ते काय करतं? पायरीच्या कडेवर बूट खरवडतं. त्यात चिखल निघतो आणि सोलची कडही निघते. उथळ, रुंद आणि कडेपर्यंत मोकळ्या गेलेल्या खाचा बऱ्या.

विकत घेण्याआधी दोन्ही हातांत बूट धरून ओला कपडा पिळतो तसा पिळा. मधोमध सहज पिळला गेला तर ठेवून द्या. पंजाशी वाकवा, तिथे वाकलाच पाहिजे. टाचेची पाठ अंगठ्यानं दाबा, ती दबता कामा नये.

सहा-सात वर्षांच्या आतल्या मुलाला वेलक्रोच घ्या. पट्टी कडीतून ओवून परत मागे चिकटणारी असेल तर जास्त दिवस धरते. वेलक्रोत गोखरू, कुसळं, मोज्याचे धागे अडकून पकड जाते. जुन्या टूथब्रशनं आठवड्याला साफ करा. मुलींसाठी कॉन्व्हेंटवाले पट्ट्याची बेली सांगतात. वरून उघडी, एका बकलावर सगळा भार. मुलींनी धावायचं नाही असं कोणी परस्पर ठरवून टाकलंय की काय, कळत नाही. शाळेनं हरकत घेतली नाही तर मुलीलाही बंद बूटच घ्या. बेलीच घ्यावी लागली तर पट्टा तळाजवळ दुहेरी शिवलेला आणि बकलाशी इलॅस्टिक असलेली बघा.

कंपनीचं म्हणाल, तर बाटा, लिबर्टी, रिलॅक्सो, ॲक्शन ही नावं शाळेच्या बुटांत चालतात, पण एक अक्षर इकडेतिकडे केलेली त्यांची भावंडंही बाजारात असतात. नाव अक्षर अक्षर वाचा. आयएसआयचा शिक्का असेल तर त्याच्याजवळचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपमध्ये टाकून खरा की खोटा ते तिथल्या तिथे तपासता येतं. पक्कं बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडीवर जीएसटी ५ टक्के झाला आहे; हजारापर्यंतच्या बुटांवर तो आधी १२ टक्के होता. जुनी किंमत छापलेलं खोकं समोर आलं तर कमी झालेला कर विचारायला संकोच करू नका.

पोळ्यापर्यंतचे दिवस

आपल्या तालुक्यात बुटाचा खरा शत्रू पहिल्या दोन महिन्यांत भेटतो. भिजलेला बूट संध्याकाळी चुलीजवळ किंवा सकाळी कडक उन्हात ठेवला की वरचा भाग आक्रसतो, सोल्यूशन मऊ पडतं आणि दोघं वेगळे व्हायला लागतात. घरी आल्याबरोबर चिखल ओल्या फडक्यानं पुसा, वाळू देऊ नका. सुकतळा बाहेर काढा, लेस ढिली करा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पंख्याखाली किंवा ओसरीत आडवा ठेवा. रात्री झोपताना बोळे एकदा बदला. चोवीस तासांत वाळला नाही तर तसाच पायात घालू नका. बूटही जातो आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्याही होतात.

खरं सांगायचं तर पोळ्यापर्यंत कापडाचं अस्तर असलेला काळा बूट रोज घालायला लावणं हाच चुकीचा नियम आहे. टाचेला पट्टा असलेला, बोटं झाकणारा प्लॅस्टिकचा सँडल या दिवसांत उत्तम. बादलीभर पाण्यात बुचकळला की स्वच्छ, दहा मिनिटांत कोरडा. पालकसभेत हा विषय काढा. एकट्यादुकट्यानं सांगितलं तर शाळा ऐकत नाही, दहा-पंधरा पालकांनी मिळून सांगितलं तर "पोळ्यानंतर बूट" हे मान्य करायला कुणाचं काही जात नाही.

पीटीचे पांढरे कॅनव्हास धुताना एक काळजी. पूर्णेकडच्या खारपाणपट्ट्यातल्या गावांत बोअरच्या पाण्यानं धुतलेल्या कॅनव्हासवर वाळल्यावर क्षाराच्या कडा उमटतात. धुणं त्या पाण्यानं केलंत तरी शेवटचं खंगाळणं नळाच्या गोड्या पाण्यानं करा. काळ्या रेक्झिनच्या बुटाला पॉलिशची गरज नसते. पॉलिश चामड्यात मुरतं, रेक्झिनवर नुसता थर बसतो आणि त्याच्यावर धूळ.

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना, सोनाळा-टुनकीकडच्या वाचकांना, हे सांगायला नको, पण मुलांना रोज सांगायलाच हवं: बूट घालण्याआधी उलटा करून जमिनीवर आपटायचा. ओसरीतला उबदार, अंधारा बूट विंचवालाही आवडतो.

शाळेतून मिळणारा बूट

जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या पालकांसाठी हा भाग जास्त महत्त्वाचा. जुलै २०२३ मध्ये राज्य शासनानं पहिली ते आठवीच्या, मोफत गणवेश योजनेतल्या विद्यार्थ्यांना एक जोडी बूट आणि दोन जोड्या मोजे देण्याचा निर्णय घेतला आणि त्यासाठी विद्यार्थ्यामागे १७० रुपये धरले. १७० रुपयांत बूट आणि मोजे! दुकानाची पायरी चढलेल्या कुणालाही हा आकडा वाचून हसू येईल किंवा राग येईल. पण रक्कम अपुरी आहे म्हणून खरेदीकडे पाठ फिरवली तर उरलेलंही हातचं जातं.

शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. तेव्हा विचारायचा हक्क आहेच. यंदा किती रक्कम आली, हे मुख्याध्यापकांना विचारा. ऑर्डर देण्याआधी वर्गावर्गात कागदावर प्रत्येक मुलाचा पाय मोजून यादी करा. 'दुसरीला अमुक नंबर' अशी सरसकट ऑर्डर गेली की निम्मे बूट पहिल्या दिवसापासून घरच्या फळीवर जातात. पुरवठादाराकडून एक नमुना जोडी मागा, रात्रभर पाण्यात बुडवा, सकाळी पंजाशी शंभर वेळा वाकवा. सोल सुटला तर दुसरा पुरवठादार. न बसणारे नंबर बदलून देण्याची अट ठरावात लिहून घ्या. चारपाच गावांच्या समित्यांनी एकत्र येऊन अकोल्याच्या ठोक बाजारातून माल घेतला, तर भावात नक्कीच घासाघीस करता येईल. आणि त्या पैशात चांगला बंद बूट बसतच नसेल, तर पालकांनी स्वखुशीनं थोडी भर घालायची की नाही, हे सभेत उघडपणे ठरवा. ज्यांना शक्य नाही त्यांच्या मुलांना त्यातून वेगळं पाडू नका.

राहिला प्रश्न मोठ्या भावंडाचा बूट धाकट्याला देण्याचा. सरसकट नको म्हणणारे तज्ज्ञ आहेत, पण आपल्या घरांत ते चालणार नाही. एवढं करा: बूट टेबलावर ठेवून मागून बघा. टाच सरळ उभी असेल, सोल एका बाजूला झिजलेला नसेल, पंजाशी आत खड्डा पडलेला नसेल, तर नवा सुकतळा टाकून खुशाल द्या. टाच कलंडलेली असेल तर देऊ नका, मोठ्याची चाल धाकट्याच्या पायाला लागते. असा बूट शेतात जायला, अंगणात खेळायला ठेवा. बकलं आणि लेसा काढून घ्या, त्या पुढच्या जोडीला कामी येतात.